तलाठीबाईंनी वाचलेला ताळेबंद

तलाठीबाईंच्या हातात कुठलाही कागद द्या, त्या तो आधी उलटा करायच्या आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायच्या. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. वधूवरांची नावं, मुहूर्त, स्थळ राहू दे बाजूला. बाईंचं बोट थेट खाली निमंत्रकांच्या यादीवर. “धाकट्या चुलत्याचं नाव न्हाई. म्हंजी बांधाचं भांडण अजून मिटलेलं न्हाई,” असं म्हणून झालं की मग त्या नवरीचं नाव बघायच्या. कान्ह्यात यावरून त्यांची भरपूर टिंगल चाले. टिंगल करणाऱ्याच्या घरी सरकारी पाकीट आलं की मात्र तो आधी बाईंच्या ओट्यावर दिसायचा.

पंचवीस-तीस वर्षं त्यांनी आमच्या टाकव्यासकट मावळातल्या निरनिराळ्या गावांची जमिनीची दप्तरं सांभाळली. रिटायर होऊन कान्हे स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत एकट्या राहायला लागल्या, तरी ‘तलाठी’ हा शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच. त्यांच्या आजोबांना गावच्या शिवेचा दगडन् दगड ठाऊक होता; शिवेचं भांडण निघालं की त्यांनाच पुढं घालून नेत. त्या शिवेच्या आत त्यांच्या नावावर मात्र एक गुंठा नव्हता. हे बाई मला एकदाच बोलल्या, तेही तांदूळ निवडता निवडता. आमच्याकडचे लोक कामापुरतं ‘बाई, बाई’ करत आणि चहाला थांबत नसत. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्यातलेच.

सातबाऱ्यावर जमिनीच्या मालकाचं नाव ठळक असतं आणि उजव्या अंगाला ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, कुणाची वहिवाट, कुणा बहिणीचा वाटा, सगळं त्या रकान्यात. बाईंचा सगळा जीव त्या रकान्यात. “मालक कोण हाय ते गावातलं शेंबडं पोरबी सांगंल,” त्या म्हणायच्या, “बोजा कुणाचा हाय ते फक्त कागद सांगतो.” आणि एका सातबाऱ्यावर त्यांचं समाधान होत नसे. मागचे फेरफार लागत. फेरफार म्हणजे हक्क बदलला की होणारी नोंद, तिला नंबर असतो. कोण कधी आला, कोण कधी गेला, आणि जाताना त्याला कुणी विचारलं होतं का, हे बाई त्या नंबरांवरून लावायच्या.

रिटायर झाल्यावर त्यांना वाचायला कागद उरले नाहीत आणि त्या कासावीस झाल्या. मी तेव्हा नुकताच एका कंपनीच्या हिशेब खात्यात लागलो होतो. एकदा त्यांनी विचारलं, “तुमच्या कंपन्यांत सातबाऱ्याला काय म्हणतात रे, संतोष?” मी म्हटलं, ताळेबंद. झालं. तेव्हापासून मी मोठमोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल छापून न्यायचो आणि बाई ते शेवटच्या टिपांपासून वाचून काढायच्या. पेन्शनीतून त्यांनी आयुष्यात एक शेअर घेतला नाही. पण दर कंपनीचा एक आडवा कागद त्यांनी केलेला असे: डावीकडे वाटेकऱ्यांचा पैसा, उजवीकडे कर्ज, आणि खाली वर्षावर्षाचे फेरफार. “एका सालाचा ताळेबंद घेऊन काय करू? फोटोत सगळेच हसतात. चार सालं एकाखाली एक मांड, मग कळंल कोण कुणाच्या खांद्यावर बसलंय.”

कर्ज वाईट आणि भांडवल चांगलं, हे मी पुस्तकात शिकून आलेलं सरळ गणित बाईंनी पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. “सावकार ओट्यावर बसतो. पैसा मिळाला की उठून जातो. वाटेकरी आत येतो, चुलीपाशी बसतो, आन् त्यो काय उठत न्हाई. घर चालवायला दोगंबी लागतात. फकस्त कोण कवा कुटं बसला तेवढं लिहून ठेवायचं.” मी एम.बी.ए.च्या दोन वर्षांत याच्याहून नीट समजावलेलं काही ऐकलं नाही, आणि हे कबूल करायला मला तेव्हा जड जायचं.

माझी कंपनी टाकव्याची. विजेच्या गाड्या चार्ज करणाऱ्या यंत्रांचा मेंदू आम्ही बनवायचो, म्हणजे आतली सर्किटं आणि ती चालवणारा प्रोग्रॅम. कारखान्यासाठी जमीन घेतली तेव्हा मालकांकडे रोकड कमी होती. त्यांनी टाकव्यातल्या पाच घरांना थोडे पैसे दिले आणि थोडे कंपनीचे शेअर दिले. त्यात आमचं एक घर. मला नोकरीही त्याच व्यवहारात मिळाली. आबा तेव्हापासून कारखान्यावरून जाताना सायकल हळू करत आणि सोबतच्या माणसाला सांगत, “ह्यात आमीबी मालक हाय.” शंभरातला दीड हिस्सा. पण आबांच्या लेखी ते दीड एकर होते, आणि आपल्या जमिनीचा हिस्सा कमी होऊ द्यायचा नाही हे त्यांचं बाळकडू.

तीन वर्षांपूर्वी कंपनीचं पत्र आलं. कंपनी नवे शेअर काढते आहे, जुन्या वाटेकऱ्यांना पहिली संधी. एकवीस दिवसांत पैसे भरा, नाहीतर तुमचा हिस्सा त्या प्रमाणात कमी होईल. आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा फक्त शेवटची ओळ वाचायला लावली. मग म्हणाले, “वाटा सोडायचा न्हाई. खाचर इकू.”

खाचर म्हणजे आमची उरलेली एकुलती एक जमीन. ओढ्याकाठची सव्वा एकर, इंद्रायणी तांदळाची. आईनं फक्त एवढंच म्हटलं, “मंग खायाचं काय, शेअर?” तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी तर नाहीच दिलं. कारण कंपनीच्या कर्जाचं आणि भांडवलाचं चित्र मीच काढलं होतं. त्या पत्राच्या दोन वर्षं आधी मालकांच्या एका रुपयामागं अडीच रुपये कर्ज होतं. आता एका रुपयामागं ऐंशी पैसे. कर्जाचा लाल खांब खाली आलेला, भांडवलाचा हिरवा खांब वर गेलेला. मालकांनी ते चित्र सगळ्या स्टाफसमोर पडद्यावर दाखवलं आणि माझं नाव घेतलं. मी आबांना छातीठोक सांगितलं, “आबा, कंपनी कर्जातून बाहेर आलीय. भरा पैसे.” चौथ्या दिवशी शेतकरी दाखला असलेलं पुण्याचं गिऱ्हाईक मिळालं, विसार घेतला, आणि खरेदीखताला एकोणिसावा दिवस ठरला.

बाईंकडे मी गेलो तो सल्ला घ्यायला नव्हे. शाबासकी घ्यायला गेलो होतो. चार वर्षांचे ताळेबंद नेले आणि वर माझं रंगीत चित्र ठेवलं. बाईंनी चित्र बाजूला काढून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि गठ्ठा उलटा केला.

पुढचे आठ दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मी रोज कामावरून सुटल्यावर जायचो; त्या एखादा प्रश्न विचारायच्या आणि पुन्हा कागदात घुसायच्या. कंपनीला मुंबईच्या एका वित्तसंस्थेनं दिलेलं मोठं कर्ज पहिल्यांदा कधी आलं? त्याला तारण काय होतं? व्याज किती महिने थकलं होतं? मी तोऱ्यात उत्तरं द्यायचो. नवव्या दिवशी त्यांनी आडवा कागद माझ्यासमोर सरकवला आणि उजव्या बाजूवर बोट ठेवलं.

“हे कर्ज फिटलं म्हणतोस.”

“फिटलंच की. दिसतंय ना कमी झालेलं.”

“कर्ज फेडलं तर पैसा कुटूनतरी कमी व्हायला पायजे. बँकेत तेवढाच हाय. माल तेवढाच हाय. नफा तर न्हाईच. जमीन इकली न्हाई, मशीन इकलं न्हाई. मंग फेडलं कशानं?”

 आकडे मला पाठ होते, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. विचारला नव्हता की विचारायचा नव्हता, ते आज सांगता येत नाही.

“फेडलं न्हाई, संतोष. सावकार ओट्यावरनं उठला आन् आत येऊन बसला. त्याच्या कर्जाचे शेअर करून दिलेत. म्हणून तुझा लाल खांब बसला आन् हिरवा उठला. पैसा एक रुपया आला न्हाई की गेला न्हाई.” मग त्यांनी शेवटून तिसरं पान काढलं. बारीक टाइपातली टीप, मी कित्येकदा नजरेखालून घातलेली. ते शेअर अग्रहक्काचे होते. कंपनी अडीच वर्षांत शेअर बाजारात उतरली नाही, तर त्या संस्थेनं सगळा पैसा ठरलेल्या वाढीसकट परत मागायचा, आणि तो मिळेपर्यंत साध्या वाटेकऱ्याला एक पैसा द्यायचा नाही. पैसा देता आला नाही, तर त्या बदल्यात कंपनीचे वाटेल तेवढे साधे शेअर घ्यायचे.

“ह्यो वाटेकरी न्हवं आन् सावकारबी न्हवं,” बाई म्हणाल्या. “जेवताना वाटेकरी, उठताना सावकार. तुझा बाप खाचर इकून जो पैसा भरणार, त्यो ह्याच्या मागं रांगेत उभा राहणार.”

मला राग आला. म्हटलं, बाई, सगळ्या नव्या कंपन्यांत असंच असतं, त्याशिवाय पैसा कोण देतो? त्या म्हणाल्या, “असंल. मी कंपनी बुडंल म्हणत न्हाई. तगंलसुदिक. पण बापाला सांगताना कर्ज फिटलं म्हणून सांगू नको.” मग त्यांनी जे विचारलं त्याची मला धास्ती होती. “साध्या वाटेकऱ्यांच्या पुढं कुणाला बसवायचं तर त्यांची संमती लागली असणार. तुझ्या बापानं सही कधी केली?”

दिवाळीत केली होती. कागद मीच घरी आणला होता. पाचही घरी मीच फिरलो होतो, मिठाईचे पुडे घेऊन. ‘कंपनीचा नेहमीचा कागद आहे’ असं म्हणालो होतो. आणि आईशपथ, मलाही तसंच वाटलं होतं.  बाईंचा चेहरा एकदम पडला, जणू चोरी माझी नव्हे, त्यांचीच पकडली गेली होती. त्या वेळी मला ते कळलं नाही.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं, संमतीच्या कागदासकट. आबांनी शांतपणे ऐकलं. “म्हंजी भाऊबंद वाढलं,” ते म्हणाले, “भाऊबंद वाढलं म्हणून काय आपला वाटा सोडून द्यायचा व्हय? उलट आता तर घट धरायला पायजे.” मी कागदावर आकडे मांडले. आबांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. कागदाचा हिस्सा राखायला खरी जमीन विकणं हा वेडेपणा त्यांना वेडेपणा वाटतच नव्हता. हिस्सा तो हिस्सा. तीन पिढ्या बांधाच्या वीतभर जागेसाठी कोर्टात गेलेल्या घरात मी कुठल्या तोंडानं टक्केवारी समजावणार होतो? दिवस सरत होते, आई बोलेनाशी झाली होती, आणि ऑफिसात पडद्यावर माझं चित्र अजून फिरत होतं.

एकोणिसाव्या दिवशी आम्ही वडगावला रजिस्ट्री ऑफिसात गेलो. गिऱ्हाईक आलं होतं, एजंट आला होता, दस्त छापून तयार होता. आमचा नंबर यायला दोनतीन दस्त बाकी होते. आणि बाई आल्या. कान्ह्याहून सहा आसनी रिक्षात बसून, उन्हातून, हातात पिशवी नाही, कागद नाही. आबांच्या शेजारी बाकावर बसल्या. इतक्या वर्षांत दोघं शेजारी बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “ही जमीन तुमी आज इकू शकता ती माझ्यामुळं.”

आबांनी त्यांच्याकडे मान वळवली.

“तुमचे वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर दोन नावं चढली. तुमचं आन् गंगूबाईचं. मंग तुमी तिनं वाटा सोडल्याचं हक्कसोड आणलं. नियम असा, की नोटीस मी तिच्या हातात द्यायची, तिला वाचून दावायची. तुमी म्हणाला, ती आजारी हाय, मीच सही आणतो. मी बरं म्हणाले. सांज झालती, मला घरी जायचं होतं. नोटीस बजावली असं मी माझ्या हातानं लिहिलं. बजावली न्हवती.”

गंगूबाई म्हणजे माझी आत्या, आबांची धाकटी बहीण, कामशेतला दिलेली. खाचरात तिचा निम्मा वाटा होता हे मला तिशी उलटल्यावर त्या बाकावर कळलं.

“तिला काय सांगितलंत भाऊ?” बाईंनी विचारलं.

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, “सोसायटीचा कागद हाय म्हणलो.”

“तुमच्या पोरानं तुमाला कंपनीचा कागद हाय म्हणून सांगितलं. त्याला तरी ठावं न्हवतं. आपल्या दोगांना ठावं होतं.” बाईंचा आवाज चिरका झाला होता. “मी नोकरीभर दुसऱ्यांचे रकाने तपासले, भाऊ. ह्या एका नंबराशी आले की पान उलटायची.”

आतून आमचा पुकारा झाला. एजंट धावत आला. आबांनी दस्तावर सही करायला खिशातून काढलेलं पेन परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, “आज न्हाई.” गिऱ्हाईक चिडलं, आरडाओरडा झाला, विसार दुप्पट परत द्यायचं ठरलं, तो मी पुढं सहा महिने पगारातून फेडला. आबा बाईंकडे न बघता बाहेर पडले. बाई बाकावरच बसून राहिल्या, आणि मीही त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो नाही. मला बापाची लाज वाटत होती, माझी वाटत होती, आणि या बाईनं चारचौघांत आमचं सगळं उघडं केलं याचा संतापही होता. हे लिहितानाही तोंड कडू होतं, पण तसं होतं.

एकवीस दिवस संपले. आमचा हिस्सा निम्म्यावर आला. पुढं कंपनी बाजारात उतरली नाही, संस्थेनं पैसे मागितले, ते नव्हते, तेव्हा तिनं शेअर घेतले. मालकांना राजीनामा द्यावा लागला. कारखाना चालू आहे, माझी नोकरीही आहे, फक्त मालक वेगळे. आमचा हिस्सा आता शून्य, टिंब आणि पुढं बरीच शून्यं. टाकव्यातल्या दोन घरांनी म्हशी विकून, दागिने मोडून पैसे भरले होते. संमतीचा कागद त्यांच्याकडेही मीच नेला होता. ते रस्त्यात मला बघून तोंड फिरवतात, आणि मी त्यांना काही म्हणू शकत नाही.

खाचर राहिलं. आबा दर हंगामात म्हणत, “गंगूचं बगू पुढल्या साली.” मीही जोर केला नाही. बाईंकडे जायचं तर मी सोडूनच दिलं होतं. कान्हे स्टेशनवरून जाताना दुसऱ्या बाजूला बघायचो.

मग त्या तळेगावच्या दवाखान्यात असल्याचं कळलं. गेलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले असतील. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हात काडीसारखे झालेले. मला पाहून हसल्या. मी कंपनीचं सांगायला लागलो, की बाई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

“गंगूबाईचं नाव चढलं का?”

त्यांच्याकडे बघून मला खरं बोलवेना. म्हटलं, आता यांना कशाला त्रास. “चढलं, बाई.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “फेरफार नंबर सांग.”

नंबर नव्हताच. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला नर्स औषध देत होती. बाईंनी रागावून बोलावं असं मला वाटत होतं, पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि हलकेच पुढं ढकललं. “सहापत्तुर ऑफिस उघडं असतं. जा.”

मी दवाखान्याच्या पायरीवरूनच आबांना फोन केला. म्हटलं, बाई नंबर विचारतायत.  मग आबा म्हणाले, “कामशेतला जा. गंगूला घिऊन ये.”

कागद एका दिवसात होत नाहीत. दस्त झाला, मग नोंद धरली, मग हरकतीचे पंधरा दिवस. नव्या तलाठ्यानं नोटीस आणली तेव्हा आत्या आमच्या अंगणात बसून ती अक्षरं लावत लावत पूर्ण वाचत होती, आणि तिचं संपेपर्यंत आबा उन्हात उभे होते. ते पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत बाई गेल्या.

फेरफार मंजूर झाला. नंबर चार आकडी आहे, मला पाठ आहे. विचारणाऱ्या बाई नाहीत.